गुप्त मतदान

"दारूचं दुकान बंद करायचं की नाही, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा," मी ग्रामसभेत ठणकावलं. "हात वर करायला सांगाल तर एकही बाई करायची नाही. मागे नवरे उभे आहेत."

पुरुष हसले. माझ्या नवऱ्यानं फक्त तंबाखू मळणं थांबवलं.

"ताईंचं बरोबर आहे," सरपंच गोड आवाजात म्हणाले. दुकान त्यांच्याच मेहुण्याचं. "पण पद्धत बदलायला सभेची मंजुरी लागते. ज्यांना गुप्त मतदान हवंय, त्यांनी हात वर करा."

मी केला. बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या. सतरंजीवरच्या बायांकडे पाहिलं. काल नळावर यांतल्या प्रत्येकीनं मला शब्द दिला होता.

शेजारच्या सगुणाकाकूंचा हात उठला, कानापर्यंत आला. मागून कोणीतरी खाकरलं. काकूंनी तोच हात डोक्यावर नेऊन पदर पुढे ओढला. मग एकेक करून सगळ्या रांगेनं पदर ओढले.

"एक मत," ग्रामसेवक म्हणाले. "ठराव नामंजूर."

सतरंजी गुंडाळायला घेतली तरी माझा हात वरच होता. खाली घेतला की घरी जावं लागणार होतं.