मशीनचा दसरा

कळंबच्या बसस्टँडसमोर बबिताचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. फोटो स्टुडिओवाल्या शामभाऊंनी आणलेल्या सीपीयूचं झाकण तिनं उघडलं आणि शिसारी येऊन नाकाला ओढणी लावली. आत हळदीकुंकवाचा चिखल, आंबलेल्या नारळपाण्याचा भपकारा, आणि हार्डडिस्कवर मुंग्यांची रांग.

"हे काय करून ठेवलं भाऊ?"

"दसऱ्याले मशीनची पूजा करा लागते ना. नारळ त्याच्यावरच फोडलं."

तोंड वाकडं करत तिनं हार्डडिस्क पुसली आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडली. ती नुसती टकटक करत राहिली, एक फाइल दाखवेना. बबितानं केबल काढून पुन्हा लावली. तिच्याच लग्नाचं शूटिंग त्यात होतं. 'एडिटिंग चालू हाय' म्हणत शामभाऊंनी वर्ष काढलं होतं, आणि मधल्या काळात गेलेली आजी आता त्या शूटिंगमध्येच तेवढी नाचत होती.

"मेली ही डिस्क! दुसरीत कॉपी ठेवा म्हणून किती कानीकपाळी ओरडली मी?"

"ठेवली ना ताई, सारंच्या सारं हाय!" शामभाऊंनी पिशवीतून लाल कापडात गुंडाळलेली छोटी डिस्क काढली. बबिताचा जीव भांड्यात पडला. पण कापड सोडलं, तर डिस्कवरही कुंकू.

"हिच्यावरबी नारळ फोडलं काय?"

"छ्या! येवढासा तर जीव तिचा."



शामभाऊंनी डिस्कवरचं कुंकू बोटानं पुसलं. "हिले मी साबण लावून नळाखाली घासून धुतली, मंगच पूजेत ठेवली."