परतीच्या दोन जागा

"आई, तुमची बॅग एवढी जड कशी हो?" सुनेने लॉजच्या खोलीतली बॅग उचलली आणि परत खाली ठेवली.

"थंडी वाजली तर असू दे म्हणून स्वेटर टाकलेत," सासू म्हणाली आणि आरशात बघून केस बांधू लागली.

सुनेची स्वतःची बॅगही काही हलकी नव्हती.

सहलीचा आज शेवटचा दिवस. हट्ट सासूचाच होता. जन्मात कधी कशासाठी तोंड न उघडलेल्या बाईने एकाएकी धोशा लावला, मला एकदा मोठं शहर बघायचंय. सासरे आधी हसले, मग खेकसले, शेवटी वैतागून हो म्हणाले. तिला एकटीला सोडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून सोबतीला सुनेला धाडलं. सुनेला तर घबाडच मिळालं.

लग्नाआधी ती चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. तिथली मैत्रीण आता याच शहरात होती. तिने काम बघून ठेवलं होतं आणि आपल्या खोलीत एका खाटेची सोयही केली होती. आज सासूला परतीच्या बसमध्ये बसवायचं आणि आपण बसायचं नाही, एवढंच उरलं होतं.

नवऱ्याने मनगट पिरगाळलं, त्याच दिवशी तिचं ठरलं होतं. तेव्हा सासू मोरीपाशी पाठमोरी उभी होती. भांडी विसळत राहिली, वळून बघितलंसुद्धा नाही. ती पाठ सून विसरली नव्हती.

दुपारपर्यंत त्या हिंडल्या. घरी गुडघा धरून चालणारी सासू नदीवरच्या पुलावर सुनेच्या पुढे निघून गेली. मध्यावर थांबून खाली वाहत्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बापलेकांनी जेवणाचं काय केलं असेल हो?" सुनेने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"तुझ्या सासऱ्यांना गॅस कुठल्या बाजूला पेटतो तेही ठाऊक नाही."

"मग?"

"शिकतील," सासू म्हणाली आणि एकदम खुदकन हसली. तिला असं हसताना सुनेने कधी पाहिलं नव्हतं.

बसस्थानकावर त्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचल्या. सासू पाट्यांकडे बोट दाखवून एकेक विचारू लागली. कुठली बस कुठे लागते? फलाटाचा आकडा कुठे लिहिलेला असतो? तिकीट आधी काढायचं की आत बसल्यावर?

"तुम्हाला कशाला हवंय ते सगळं? मी आहे ना," सून बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"असशील गं. पण कधी नसलीस तर? माणसाला आपलं आपल्याला यायला हवं."

सुनेचा चेहरा उतरला. हिला कुणकुण लागली की काय? पण सासूच्या डोळ्यांत तसं काहीच दिसेना. मग सुनेने मन लावून शिकवलं. पाट्या वाचून दाखवल्या, चौकशीची खिडकी दाखवली, सासूकडून दोनदा म्हणवून घेतलं. निदान हिचं घरी पोचायचं तरी अडायला नको.

परतीची बस फलाटाला लागली. दोघींच्या जागा पुढेच होत्या. सासू फलाटावरच्या बाकावरच बसून राहिली.

"आई, मी पाणी घेऊन येते."

"ये. रांग असेल, घाई करू नकोस."

सुनेने आपली बॅग खांद्याला लावली. पाणी आणायला बॅग कशाला, हे सासूने विचारलं नाही. तिने फक्त सुनेचा हात धरला. त्याच मनगटावरून अंगठा फिरवला.

"तेव्हा मी वळून बघायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. "जा, जा. बस सुटेल."

मागच्या फाटकापाशी मैत्रीण रिक्षा थांबवून उभी होती. "चल, बस लवकर!"

सुनेने बॅग रिक्षात ठेवली. एक पाय आत टाकला. दुसरा काही उचलेना.

रात्री ही म्हातारी एकटीच बसमधून उतरणार. घ्यायला तिचा मुलगा येणार. बायकोला कुठे टाकून आलीस म्हणून तो कुणावर धावून जाणार? सासरे कुणाच्या नावाने शंख करणार? उद्यापासून दोघांचा सगळा राग एकाच पाठीवर. आणि वळून बघणारं मागे कुणीच नाही.

"तुझ्याकडे अजून एकीची सोय होईल का?" तिने विचारलं.

"कुणाची?"

"सासूची."

मैत्रीण बघतच राहिली. "वेड लागलंय का तुला?" मग तिने कपाळाला हात लावला. "आण. खाली अंथरूण घालू."

सून बॅग तिथेच टाकून धावत सुटली. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होती. आई, आपण घरी जायचं नाही. दोघीही नाही. नाही म्हणाल्या तर हाताला धरून न्यायचं, पण न्यायचंच.

बाक रिकामा होता.

ती बसमध्ये चढली. पुढच्या दोन्ही जागा रिकाम्या. खाली उतरून तिने कंडक्टरला गाठलं.

"इथे माझ्या सासूबाई बसल्या होत्या. कुठे गेल्या?"

"त्या होय? त्या गेल्या की पलीकडच्या बसने, वर डोंगरात. बहीण आहे म्हणे तिकडे, आता तिच्याकडेच राहणार." कंडक्टरने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे सून तुम्हीच. चला, बसा आत. पोर भोळी आहे, तिला नीट घरी पोचवा, असं दहादा बजावून गेल्यात मला."