नऊ ते पाच करंट नाही

"आज राहूं द्या हो. उद्या बघा," कविता दारातच म्हणाली.

सुंदरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि स्टुलावर चढून दाराच्या अलार्मची पेटी उघडली. तिचा नवरा मुरलीकृष्ण, सुंदरचा जुना दोस्त. त्यानं सकाळीच फोन केला होता. आज महिन्याचा शटडाऊन, नऊ ते पाच करंट नाही, जाऊन बॅटरी बघ. मुरलीचं ऑफिस तिरुवैयारुला आणि घरात बायको एकटी.

बॅटरीची वायर निघालेली होती. उंदरांचा उपद्रव, दुसरं काय! बॅटरीतही जीव उरला नव्हता.

"अक्का, हे असं ठेवून दिवसभर एकटं कसं राहतां?"

कविता घड्याळाकडे बघत होती.

मे महिन्याच्या उकाड्यात तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज होता. साडीही बाहेर जाताना नेसायची. दाराआड एक भरलेली पिशवी. चोरांच्या धास्तीनं किडूकमिडूक जवळ बांधून बसली बिचारी, असं सुंदरला वाटलं. त्याचा जीव तुटला.

सुंदरची भागीरथी अत्याही अशीच एकटी होती. बॅटरी बदलायला पुढच्या आठवड्यात येतो, असं यानंच तिला सांगितलं होतं. मधेच शटडाऊन आला. भरदुपारी चोरांनी दार फोडलं, अलार्म मुका राहिला, अत्या वाचली नाही. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सुंदरला घास गोड लागत नव्हता.

"नवी बॅटरी यायला संध्याकाळ होईल ना?" कवितानं घाईनं विचारलं.

"परक्याचं घर असतं तर उद्यावर टाकलं असतं. आपली मराठी माणसं उरलीत किती या गावांत?"

दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी स्कूटरच्या डिकीत ठेवलेली बॅटरी त्यानं आणली आणि बसवली.

"आता करंट नसला तरी भिऊं नका. दार उघडलं की भोंगा, आणि लगेच मुरलीच्या मोबाइलवर निरोप."

कविता दाराआडच्या पिशवीशेजारी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सुंदरलाही भरून आलं. अत्यासाठी जे झालं नाही, ते निदान हिच्यासाठी झालं.

चाचणी म्हणून त्यानं दार उघडलं. भोंगा केकाटला. मिनिटभरात मुरलीकृष्णाचा फोन आला.

"बेस केलंस, सुंदर. निरोप आला."

"उंदरानं वायर ओढली होती," सुंदर उत्साहानं म्हणाला.

"उंदरानं नव्हे," मुरलीकृष्ण शांतपणे म्हणाला. "दाराआडची पिशवी मी सकाळीच पाहिली. तिला सांग, कपडे परत कपाटांत ठेव म्हणावं."