आपल्यात कागद कशाला

विश्वासरावांनी यादी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणली होती. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी ती वाचली. रंग अठरा हजार. खिळ्यांची भोकं बुजवणं दोन. ओट्याची तडकलेली फरशी तीन. न्हाणीतल्या टाइल्स सहा. डिपॉझिटच्या चाळीस हजारांतून एकोणतीस गेले. उरलेले अकरा त्यांनी पाकिटात घातले होते, आणि पाकीट डिंकानं चिकटवलेलंही होतं.

सीमंतिनीनं पाकीट घेतलं नाही. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या या घरात ती नऊ वर्षं किरायानं राहिली होती. घरमालक विश्वासराव वरच्या मजल्यावरचे. गुडघ्यांपायी त्यांना जिना होईना, खालचं घर त्यांना स्वतःसाठी हवं झालं, म्हणून तिनं महिन्याभरात ते रिकामं करून दिलं. सामानाचा टेम्पो सकाळीच पडाव भागातल्या नव्या घरी गेला होता. तिथल्या मालकाचं बोलणं सरळ होतं: आज चाळीस हजार द्या, चावी घ्या. तोवर तिचा पलंग, कपाट, गॅसची शेगडी त्याच्या आवारात उघड्यावर पडली होती.

ती एकेका कलमावर बोलली. नऊ वर्षांत मालकानं एकदाही रंग दिला नव्हता. दोनदा दिला तो तिनं, स्वतःच्या पगारातून. ओट्याची फरशी ती यायच्या आधीच तडकलेली होती. विश्वासरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कुठं लिहिलंय का हे?

लिहिलेलं काहीच नव्हतं. इंदरगंजात एका वकिलाच्या ऑफिसात सीमंतिनी रोज लोकांचे किरायानामे टाइप करते. डिपॉझिटमधून काय कापायचं आणि काय नाही, ते कलम तिला तोंडपाठ आहे. या घरात येताना तिनं तसाच एक करून आणला होता. विश्वासराव दुखावले होते. "लिखापढी परक्यांशी करतात," ते म्हणाले होते. "आपल्यात कागद कशाला?" तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तो कागद तिनं पर्समध्ये कोंबला आणि पुढं त्याच्या पाठीवर किराणा लिहिला. ग्वाल्हेरात मराठी माणूस मराठी माणसाकडे कागद मागत नाही. मागितला तर समोरच्याचा अपमान होतो. लुबाडलं तर कोणाचाच होत नाही.

"मम्मी, चावी मत देना," तिची मुलगी हर्षिता दारातून म्हणाली. ती कॉलेज बुडवून आली होती. "पहले पूरे पैसे."

"पोरगी पार इथलीच झाली," विश्वासराव हसले. "मराठीत तरी भांड गं, जरा शोभेल."

"मराठीत मागायला लाज वाटते, आजोबा. म्हणून तर ही वेळ आली."

सीमंतिनीनं तिला गप्प बसवलं नाही. एरवी बसवलं असतं.

न्हाणीतल्या टाइल्सना काय झालंय, तिनं विचारलं. चल, दाखवतो, म्हणून ते पुढं झाले. न्हाणी खोलीपेक्षा एक पायरी खाली होती. भिंतीला धरत ते उतरले आणि बोट दाखवलं. तिथं हातभर लांबीचा स्टीलचा दांडा होता, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रूंनी बसवलेला. सीमंतिनीच्या सासूबाई घसरल्या, त्यांचा खुबा मोडला, तेव्हा तिनं तो लावून घेतला होता. त्याला धरून म्हातारी पुढं चार वर्षं स्वतःची अंघोळ स्वतः करत होती, अगदी या चैत्रात गेली तोवर. दांडा बसवला तेव्हा विश्वासराव इथंच उभे होते. पक्का ठोक रे, म्हातारं माणूस आहे, असं प्लंबरला त्यांनीच बजावलं होतं. आता त्याच भोकांचे सहा हजार.

"दांडा माझा आहे," सीमंतिनी म्हणाली. "तो मी नेते. भोकांचे पैसे तर तुम्ही कापलेच आहेत."

सकाळी पलंग खोलायला घेतलेला पेचकस हर्षिताच्या पिशवीत होता. तिनं तो पुढं केला. सीमंतिनी न्हाणीत उतरली आणि पहिल्या स्क्रूला भिडली.

विश्वासरावांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. अगं, राहू दे तो, ते म्हणाले. तुला आता काय उपयोग त्याचा, तुझ्याकडे कोण म्हातारं आहे. आम्ही दोघं उद्यापासून इथंच अंघोळी करणार. वाटल्यास टाइल्सचे सहा नाही कापत, झालं? घरच्या घरात एवढं काय.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजला होता. मनगट पिरगाळावं लागलं, पण तोही निघाला. दांड्याचं ते टोक भिंतीपासून सुटलं. विश्वासराव बाहेर जायला वळले. पायरीवर पाय टाकायचा म्हणताना त्यांचा हात आपसूक मागं गेला आणि दांड्याच्या पक्क्या टोकाला गच्च धरून राहिला.

सीमंतिनीनं पेचकस तिसऱ्या स्क्रूवर टेकवला. त्यांच्या बोटांपासून दोन अंगुळं लांब. मग ती थांबली.

"चाळीसचे चाळीस, काका," ती म्हणाली. "नाहीतर हात काढा."

विश्वासरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खाली पाहिलं. पायरी वीतभरच होती.