लझारचं रक्त

सुई दिसली आणि लझारने वर सारलेली बाही पुन्हा खाली ओढली.

"राहू दे ताई," तो परिचारिकेला म्हणाला. "मला मागे कावीळ झाली होती. माझं रक्त चालायचं नाही."

ती काही विचारायच्या आत तो उठला. घाईत चपलेत पाय नीट गेला नाही. तसाच फरफटत तो दाराबाहेर आला. बाहेरच्या बाकावर मासळीवाला हमादी बसला होता. सफाक्स शहराच्या बाजारात त्याची मासळी लझारच्या मटणाच्या दुकानासमोरच असे. आपल्या चुलतभावाच्या ऑपरेशनसाठी तोही रक्त द्यायला आला होता.

"एवढ्यात झालं?" हमादीने विचारलं. मग लझारच्या चेहऱ्याकडे बघून त्याला हसू फुटलं. "अरे, आख्खा बैल आडवा करतोस तू! आणि एका सुईला पळालास?"

बाकावरचे सगळे हसले. लझारही हसला. जिना चढताना त्याचे कान तापले होते.

वरच्या मजल्यावर त्याची आई, हाज्जा मबरूका, उशीला टेकून बसली होती. केमोने गाठ विरत आली होती, पण अंगातलं रक्त उतरत चाललं होतं. लोहाच्या गोळ्या झाल्या. रक्त वाढवायची, पोटावर टोचायची इंजेक्शनं झाली. लझार रोज ताज्यातली ताजी कलेजी घरी पाठवायचा आणि गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा, "बघाच, माझी उम्मी ईदपर्यंत उठून पळायला लागेल." केमोमुळे तिला मटणाचा वासही सोसत नव्हता. तरी ती कलेजी खायची, कारण ती त्याने पाठवलेली असायची. कशाचाच उपयोग झाला नाही. आता तर डोक्याचा रुमाल बांधतानाही तिला धाप लागायची. शेवटी डॉक्टरबाईंनी सांगितलं, बाहेरून रक्त चढवावंच लागेल, आणि त्या बदल्यात घरच्या कुणीतरी रक्तपेढीत रक्त द्यायचं.

लझारची बहीण रफीका पोटुशी होती. म्हणजे उरला लझार.

"दिलंस?" रफीकाने विचारलं.

"गट जुळत नाही म्हणाले."

"जुळायला कशाला हवाय? तुझं असेल ते त्यांनी ठेवून घ्यायचं आणि उम्मीला तिच्या गटाचं द्यायचं. काल तुझ्यासमोरच तर सांगितलं बाईंनी."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने हळूच तोंड भिंतीकडे फिरवलं. लझारला ते हमादीच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"मीच नको म्हटलं त्याला," मबरूका मध्येच म्हणाली. एकेका शब्दाला ती थांबत होती. "दिवसभर हातात सुरा असतो त्याच्या. चक्कर आली तर?"

"तू गप्प बस, उम्मी! बोलवत नाहीये तुला, आणि त्याची बाजू घेतेस!"

आई आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे लझारला कळलं. त्याला वर बघवेना.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मबरूकाची पापणी खाली ओढून पाहिली. "झालात ना एकदाच्या तयार! महिन्यापूर्वीच ऐकलं असतंत, तर इतकी दशा झाली नसती."

"महिन्यापूर्वी?" रफीका म्हणाली.

"हो तर. इंजेक्शनं लागू पडत नाहीत, हे तेव्हाच दिसत होतं. मी म्हटलं, एवढा धट्टाकट्टा मुलगा आहे, पाठवा त्याला. तर ह्या म्हणतात, लझारला काही सांगू नका, अजून थोडे दिवस इंजेक्शनंच द्या."

त्याच महिन्यात मबरूका गच्चीवर कपडे वाळत घालताना कोसळली होती. घरात सगळ्यांना तिने पाय घसरला म्हणून सांगितलं होतं.

"का गं असं केलंस?" रफीकाचा आवाज चिरकला.

मबरूका चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली. "वाटलं, लागू पडतील." लझारकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

लझार उठला. तिने त्याचं मनगट धरलं. त्या पकडीत काही जोरच नव्हता.

"जाऊ नकोस, बाळा. दुसरं कुणीतरी मिळेल."

"खाली हमादीसुद्धा देतोय, उम्मी."

"म्हणूनच म्हणते, जाऊ नकोस," ती कुजबुजली.

त्याने तिची बोटं हलकेच सोडवली आणि तो जिना उतरला.

रक्त देऊन हमादी दारातच सरबत पीत उभा होता. "आले, आले, पैलवान परत आले!" तो ओरडला. बाकावरची माणसं हसायच्या तयारीनेच वळली.

लझार खाटेवर आडवा झाला. त्याने बाही खांद्यापर्यंत सारली. बोलला तो परिचारिकेशीच, पण बाहेरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"कावीळबिवीळ काही झाली नव्हती मला. शाळेत लस टोचली तेव्हा मी बेशुद्ध पडलो होतो आणि चड्डी ओली केली होती. माझ्या आईने आजवर हे कुणालाही कळू दिलेलं नाही. आत्ता पुन्हा तसं झालं, तर खुशाल होऊ दे. पिशवी भरेपर्यंत सुई काढायची नाही."