शून्य कॅलरीची बाटली

सॅलड ड्रेसिंगच्या बाटलीचं झाकण फिरवताना माझ्या पैलवान लेकीचा हात दोनदा घसरला. पन्नास किलोच्या गटात टिकण्यासाठी दोन महिने ती किसलेल्या गाजरावर हेच ओतून जेवत होती.

“यात शून्य कॅलरी आहेत, आई.”

“म्हणजे ताकदही शून्य. आणि गाजरातलं जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही.”

“झाला बाईंचा विज्ञानाचा तास सुरू!”

मी हसले. वरच्या गटात जायचं ती वर्षभर टाळत होती. पण ठरवायचं तिनेच होतं.

झाकण निघेना. बाटली बाजूला सारून ती उठली. कुस्ती मारल्यावरही ती इतकी ताठ उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

“आई, गाजरावर फोडणी घाल. वस्तादांना आजच सांगते, यंदा मी त्रेपन्न किलोत लढणार.”