डावी टाच

मोजे काढायला इंदूताईंना लाज वाटत होती. टाचा पार भेगाळलेल्या. सुनेने वाढदिवसाला रिफ्लेक्सॉलॉजीचं, म्हणजे तळपाय दाबून घेण्याचं, सेशन भेट दिलं, म्हणून त्या आल्या होत्या.

“काढा, ताई. मला कुठे दिसतंय?” तिथली जन्मांध यास्मिन हसून म्हणाली. “आधी पाय ओळखते, मग दाबते. दुखलं तर सांगायचं, झोप आली तर खुशाल झोपायचं.”

तिची तेल लावलेली बोटं तळव्यांवरून सावकाश फिरली आणि डाव्या टाचेवर थांबली.

“वर्षानुवर्षं याच पायावर भार टाकून उभ्या होतात. आणि पायाखालची जमीन हलत होती.”

इंदूताईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. “बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते गं. डावा पाय रोवून तिकिटं द्यायचे. या पायाचं घरातही कुणाच्या लक्षात आलं नाही. तुला कसं कळलं?”

“तुमच्या पायाची बोटं अजून आवळलेली आहेत, ताई. तोल जाऊ नये म्हणून. सोडा आता.”

अंगठ्याच्या दाबाखाली एकेक बोट सैल होत गेलं. इंदूताई आपल्याच पायांकडे पाहत राहिल्या.

निघताना त्यांनी यास्मिनचे तेलकट हात उचलले आणि कपाळाला लावले.